वजा केलेली होडी

तलावाच्या कचेरीत तिला सगळे गाळणी म्हणायचे. तोंडावर गाळणीबाई, पाठीमागे नुसतीच गाळणी. नाव ठेवणाऱ्यानं बरोबर हेरून ठेवलं होतं म्हणा. तलावात दरवर्षी किती गाळ साचतो ते मोजायचं खातं, आणि त्यात नको ते काढून टाकायचं काम हिचं. तिला राग यायचा नाही. उलट कुणी नवखा माणूस आडनावानं हाक मारायला गेला, तर कुणाला बोलावतोय हे तिलाच पटकन कळायचं नाही.

तिचं काम काय होतं ते आधी नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. वर्षातून एकदा, पाणी संथ असलं की कचेरीची लाँच तलावभर उभ्या-आडव्या रेघा मारत फिरते. लाँचच्या पोटाखाली एक यंत्र बसवलेलं आहे. ते खाली आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून वर येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून तिथं पाणी किती खोल आहे ते कळतं. असे लाखो ठिपके गोळा होतात. ते कॉम्प्युटरवर चढवले की पाणी उपसून टाकल्यासारखा सगळा तळ स्क्रीनवर उघडा पडतो. यंदाच्या तळातून गेल्या वर्षीचा तळ वजा केला की गाळ किती वाढला ते निघतं. पण तळावर काय नुसता गाळ असतो? बुडालेल्या झाडांचे खुंट, धोंडे, मोडकी कुंपणं, कुणी फेकलेलं पिंप, सगळे डोकं वर काढून बसलेले. त्यांना मोजणीत धरलं तर गाळाचा आकडा फुगतो आणि मग वरचे लोक साहेबांना फैलावर घेतात. म्हणून हा सगळा पसारा आधी निवडून बाजूला काढायचा.

पूर्वी हे काम हातानं चालायचं. माऊसनं एकेका वस्तूभोवती रेघ ओढायची, ती निवडायची आणि तळातून उपटायची. माणसं महिनाभर डोळे फोडत बसायची आणि तरी निम्मं राहायचंच. गाळणी आली आणि तिनं स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला एकामागून एक दिलेले हुकूम: आजूबाजूच्या तळापेक्षा गुडघाभर वर आलेलं जे असेल ते शोध, एकमेकांना चिकटलेले ठिपके ही एक वस्तू धर, प्रत्येक वस्तूला नंबर दे, मग सगळ्या निवड, तळातून काढ आणि 'कचरा' नावाच्या फाईलमध्ये टाक. चहा पिऊन येईपर्यंत काम फत्ते. साहेबांनी तर त्या दिवशी कचेरीत येईल त्याला धरून धरून दाखवलं.

त्या कचऱ्याच्या फाईलमध्ये गाळणीनं कधी डोकावून पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? केर सुपलीत भरला की माणूस तो टाकून मोकळा होतो.

घर तिचं तलावाच्या काठावरच. घरात माणसं दोनच, ती आणि सासूबाई. नवरा मासे धरायचा. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा एका संध्याकाळी नवरा-बायकोत कडाक्याचं भांडण झालं. कशावरून ते आता तिलाही धड आठवत नसे. आठवायचं ते एवढंच, की ती तोंडाला येईल ते बोलली होती आणि शेवटी म्हणाली होती, "जा, पुन्हा तोंड दाखवू नका मला." तो पिवळा रेनकोट उचलून निघून गेला. राग उतरल्यावर ती दारात आली, तर होडी काठापासून बरीच आत गेलेली. तो मागच्या फळीवर बसला होता, तिच्याकडे पाठ करून, रेनकोटाची टोपी डोक्यावर ओढून. तिनं घशाच्या शिरा ताणून हाक मारली, परत या म्हणाली, माझं चुकलं म्हणाली. तो वळला नाही. काठावरच्या आणखी दोघातिघांनीही त्याला तसाच बसून जाताना पाहिलं. मग अंधार पडला. सासूबाई काठावरून परत आल्या त्या कमरेपर्यंत भिजलेल्या, आणि दारातच बसकण मारून म्हणाल्या, "माझं नाही गं ऐकलं त्यानं."

रात्रभर वारा घोंघावत होता. सकाळी ना होडी ना माणूस. गळ टाकून पाहिले, जाळी ओढून पाहिली, हाती काही लागलं नाही. तलाव खोल, खाली झाडंच झाडं, कुठंतरी अडकला असेल, असं सगळे म्हणाले आणि हळूहळू आपापल्या कामाला लागले.

तिचा भाऊ तिला न्यायला आला तेव्हा सासूबाईंनी तिला मिठी मारली ती सोडेचनात. "मला एकटीला टाकून जाऊ नकोस गं पोरी." आता अशा बाईला सोडून कोण जाईल? त्यात 'जा' म्हणणारी आपणच, हा काटा पोटात होताच. भाऊ आला तसा परत गेला. ती राहिली ती राहिलीच, आणि पुढं तलावाच्या कचेरीत नोकरीला लागली. आणि खोटं कशाला बोला, सासूबाईंनी तिला फुलासारखं जपलं. डोक्याला तेल लावून द्यायच्या, तिच्या आधी कधी जेवायच्या नाहीत, तिला कचेरीतून यायला उशीर झाला तर फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. आजूबाजूच्या बायका कौतुकानं कानशिलावर बोटं मोडायच्या. गाळणीच्या गळ्याखाली त्या दिवसापासून तलावातला मासा उतरला नव्हता. सासूबाई मात्र चवीनं खायच्या, म्हणायच्या, मासा तो मासा, त्या बिचाऱ्याला काय कळतं. झोपताना त्या हिचं मनगट हातात धरून झोपायच्या. इतक्या वर्षांत झोपेतसुद्धा ती पकड कधी सैल झाली नाही. गाळणीला कधीकधी मध्येच जाग यायची, हात बधिर झालेला असायचा, पण सोडवून घेतला तर म्हातारी दचकून उठेल म्हणून ती तशीच पडून राहायची.

कचेरीत एक पाणबुड्या होता. काळा, लांब मानेचा, कमी बोलणारा. त्याला सगळे पाणकावळा म्हणायचे. त्यानं एकदा तिला सरळ विचारलं होतं, "माझ्याशी लग्न कराल का?" आढेवेढे नाहीत, काही नाही. ती म्हणाली, "सासूबाईंना कुठं टाकू?" हे खरं होतं, पण अर्धंच. खरं कारण मनातल्या मनात कुरतडणारं होतं. तो नक्की बुडालाच ना? एक चप्पलसुद्धा वर आली नव्हती. पाण्यानं नेला असेल तर ती विधवा. आणि आपल्या बोलण्याचा राग धरून मुद्दाम कुठं निघून गेला असेल तर? मग ती कोण? एवढं एकदा कळू दे, हो किंवा नाही, म्हणजे आपण सुटलो, असं तिला वाटायचं. पण कळणार कसं आणि सांगणार कोण?

त्या वर्षी तलावाचं पाणी फार खाली गेलं आणि एका बाजूचा गाळ यंत्रानं उपसायचं ठरलं. यंत्रवाले म्हणाले, खाली काय काय पडलंय ते आधी दाखवा, नाहीतर आमची पाती तुटतील. साहेब तिच्या टेबलाशी आले.

"बाई, तुम्ही दरवर्षी जो कचरा टाकता ना, तो हवाय या खेपेला."

"कचरा?"

"हो. तळ नको. नुसता कचरा दाखवा."

काम सोपं होतं. स्क्रिप्टमध्ये एक शब्द बदलला की निवड उलटते. जे ठेवायचं ते जातं आणि जे टाकायचं तेवढंच उरतं. तिनं तो बदलला. दुपारची वेळ होती, स्क्रीनवर उजेड पडतो म्हणून पडदे ओढलेले, बाकीची मंडळी जेवायला गेलेली. तळ नाहीसा झाला आणि काळ्या स्क्रीनवर त्या सगळ्या वस्तू अधांतरी लटकत राहिल्या. झाडं होती, पण त्यांच्याखाली जमीन नव्हती. कुंपणाचे खांब रांगेनं हवेत उभे होते. तिनं माऊसनं ते सगळं फिरवलं, वरून पाहिलं, मग खालून पाहिलं. इतकी वर्षं हा तळ तिला तिच्या तळहातासारखा पाठ होता, आणि या वस्तूंपैकी एकही ओळखीची नव्हती. सगळ्या निमूट एका दिशेला झुकलेल्या, कुणीतरी येण्याची वाट बघत थांबल्यासारख्या. वेडेपणा आहे झालं, असं स्वतःशीच म्हणत ती एकेक वस्तू जवळ आणून बघू लागली.

आणि तिला होडी दिसली.

ठिपक्यांचीच होती, पण होडी ती होडी. मागून चपटी, पुढून निमुळती, आणि मधली फळी नसलेली. जाळी ठेवायला जागा व्हावी म्हणून नवऱ्यानं मधली फळी स्वतः कापून काढली होती, त्यावरून सासूबाईंनी त्याला चार शिव्याही घातल्या होत्या. तिनं आणखी जवळ नेलं. मागच्या फळीवर काहीतरी होतं. बसलेल्या माणसाएवढं उंच, खांद्यांशी रुंद, वर निमुळतं. तिच्याकडे पाठ करून.

माणूस पाण्यात असा राहतो का कुठं? एवढ्या वर्षांनी? हे तिला कळत होतं, पाणकावळ्यानं काढलेली प्रेतं तिनं पाहिली होती. पण कळून काय उपयोग? तिनं हळूहळू चित्र फिरवायला घेतलं, समोरून बघावं म्हणून, आणि अर्ध्यावर आल्यावर तिचं धाडसच होईना. तोंड दिसलं तर? तिनं स्क्रीन बंद करून टाकली. वस्तूचा नंबर तेवढा डोक्यात राहिला, तीनशे बारा.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सांगितलं, एक होडी वाटतेय, बहुतेक आमचीच. साहेब माणूस भला. "पाणकावळ्याला खाली पाठवू," म्हणाले, "तुम्ही जागा काढून द्या." गाळणी टेबलाशी बसली. तिला ते चित्र पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून तिनं चित्र उघडलंच नाही. तीनशे बारा नंबर निवड आणि त्याची जागा सांग, एवढाच हुकूम दिला आणि आलेला पत्ता मान खाली घालून लिहून दिला.

लाँच गेली. ती काठावरच थांबली. बराच वेळ बुडबुडे येत राहिले, मग यायचे थांबले, मग एकदम खूपसे आले, आणि लाँचवरच्या माणसांची आरडाओरड ऐकू आली. पाणकावळ्याला वर ओढून घेतलं तेव्हा त्याची बाही फाटलेली होती आणि दंडावरून रक्त वाहत होतं. खाली होडीबिडी काही नव्हतं. एक भलंमोठं झाड होतं, आणि त्याच्या फांद्यांत त्याची हवेची नळी अडकली होती.

"कुणी दिली ही जागा?" साहेब काठावर येताच कडाडले. "माणूस गेला असता की आत्ता!"

पाणकावळा खाली बघत दंडाला फडकं गुंडाळत राहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. गाळणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती धावत कचेरीत आली, चित्र उघडलं, तीनशे बारा बघितला. झाड! काल तिथं होडी होती, आज झाड. क्षणभर तिला खरोखर वाटलं, की रात्रीतून तो होडी घेऊन दुसरीकडे गेला. आपण बघितलं म्हणून गेला. खोलीत ती एकटीच होती आणि तिनं मागं वळून दाराकडे पाहिलं. मग तिचं डोकं ताळ्यावर आलं आणि तिनं कपाळावर हात मारला. साहेबांनी सकाळीच काठाजवळच्या राहिलेल्या पट्ट्याचे ठिपके फाईलमध्ये घातले होते आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली होती. कॉम्प्युटर दरवेळी पहिल्यापासून मोजतो; आधी सापडेल ती एक, नंतरची दोन. काठाशी चार वस्तू वाढल्या की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकले. नंबर म्हणजे काही वस्तूचं नाव नव्हे. अहो, हे तीच नव्या माणसांना घसा फोडून शिकवायची: वस्तू नंबरानं धरू नका, जागेनं धरा, जागा हलत नाही. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा भीतीपायी सगळं विसरली.

आता तिनं काम करायला हवं तसं केलं. होडी पुन्हा शोधली, या वेळी डोळे उघडे ठेवून. तिच्याभोवती एक चौकोनी पेटी आखली आणि नवा हुकूम लिहिला: या पेटीत जे काही सापडेल ते निवड आणि काढून दाखव, यंदाचंच नाही, मी इथं आल्यापासूनच्या प्रत्येक वर्षाचं.

एकेक वर्ष स्क्रीनवर येऊ लागलं. होडी प्रत्येक वर्षी होती. त्याच जागी, तशीच. म्हणजे दरवर्षी तिच्या स्क्रिप्टनं ती निवडली होती, तळातून उपटली होती आणि कचऱ्यात टाकली होती. दरवर्षी! आणि ती बाजूला बसून चहा पीत होती. तिला इतका हुंदका आला की तोंडात पदराचा बोळा कोंबावा लागला.

पण खरं भय पुढं होतं. तिनं सगळी वर्षं ओळीनं लावली. सर्वांत जुन्या चित्रात तो ताठ बसला होता, खांदे सरळ. पुढच्या वर्षी थोडा खाली. मग एका बाजूला कललेला. मग आणखी खाली. वर्षामागून वर्ष तो तसूतसूनं बसत चालला होता, दमलेल्या माणसासारखा, पण फळी सोडत नव्हता. आणि या कुठल्याही वर्षात त्यानं वळून पाहिलं नव्हतं. "वळा ना," ती स्क्रीनला म्हणाली. मग आपलाच आवाज ऐकून दचकली.

दुसऱ्या खेपेला ती स्वतः लाँचवर गेली. साहेब नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. जागा तिनं तीनदा तपासली होती. पाणकावळ्यानं दंडाला पट्टी बांधली होती. उतरण्याआधी तो तिला एवढंच म्हणाला, "जे असेल ते सांगू ना? सगळं?"

"सगळं सांगा."

पाणी शिशासारखं स्थिर होतं. तो वर आला आणि त्यानं लाँचची कड धरली. मग त्यानं तोंडावरचा मुखवटा काढला आणि गाळणीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. त्याला काहीतरी समजत नव्हतं.

"होडी आहे," तो म्हणाला. "तुमचीच. मधली फळी नाही."

"आणि ते?"

"माणूस नाहीये, बाई."

"म्हणजे?"

"दगड आहेत. एकावर एक रचलेत आणि दोरीनं फळीला आवळून बांधलेत. वरून रेनकोट घातलाय, पिवळा. गुंड्या लावल्यात सगळ्या. टोपीच्या आत एक गोल धोंडा आहे." त्यानं मुखवटा लाँचच्या कडेवर ठेवला. "वल्ही नाहीत होडीत. आणि बुडाचं बूच काढलेलं आहे. तुटलेलं नाही, काढलेलं."

साहेबांनी काहीतरी विचारलं, पोलिसांचं नाव घेतलं, ते तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. ती लाँचमध्येच खाली बसली. त्या संध्याकाळी ती दारात उभी राहून घसा फाडून ओरडली होती, माफी मागितली होती, रडली होती, ती एका दगडांच्या ढिगापुढं. आणि तो तोपर्यंत घरामागच्या रस्त्यानं चालता झाला असेल, अगदी कोरडा. त्यानं वळून बघितलं नाही म्हणून तिनं स्वतःला इतकी वर्षं जाळलं! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. त्या क्षणी तो समोर आला असता तर तिनं त्याला त्याच तलावात लोटलं असतं.

"वर काढू का?" पाणकावळ्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "बसू दे तिथंच."

घरी जाताना रस्ताभर ती एकच विचार करत होती, सासूबाईंना सांगायचं कसं. तिला स्वतःला उत्तर मिळालं होतं: तो मेला नव्हता, टाकून गेला होता. तिच्यासाठी हे वाईट, पण त्या आईसाठी? तिचा मुलगा जिवंत आहे! म्हातारीला हे कळायलाच हवं. आपला संताप आपल्यापाशी, तिचा आनंद का हिरावून घ्यायचा? अशी ती बाई होती, काय करणार.

सासूबाई मागच्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. गाळणी त्यांच्यासमोर टेकली.

"आई, होडी सापडली."

सासूबाईंचे हात चालूच होते. शेंग फोडायची, दाणे भांड्यात, टरफल बाजूला.

"ते बुडाले नव्हते, आई. तो सगळा बनाव होता. ते जिवंत असतील." आता म्हातारी हंबरडा फोडेल, आता आपल्या गळ्यात पडेल, म्हणून तिनं हातही पुढं केला.

सासूबाईंनी पुढची शेंग उचलली.

"दगड पडले नाहीत का गं अजून?" त्या म्हणाल्या.

गाळणीचा हात तसाच हवेत राहिला. दगडांचं नाव तिनं काढलंच नव्हतं.

"त्याला म्हटलं होतं मी, चांगले आवळून बांध," सासूबाई सांगू लागल्या, मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगावी इतक्या सहज. "तो जाणारच होता. तिकडे कुणीतरी होती त्याची. तुमचं भांडण त्या दिवशीचं, पण त्याचं ठरून गेलं होतं केव्हाच. मी पाया पडले त्याच्या, तरी नाही ऐकलं. मग म्हटलं, जा. पण जाताना मेल्यासारखा जा. एवढं आईसाठी कर."

"होडी..."

"मी लोटली. वारा होता ना मागून, गेली आपोआप."

"का, आई?" गाळणीचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "का केलंत असं?"

सासूबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत ना लाज ना भीती. मायाच होती, नेहमीचीच, आणि तेच बघवेना.

"नुसता सोडून गेला असता, तर दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ तुला घेऊन गेला असता. टाकलेली बाई कशाला थांबेल सासूपाशी? मेलेल्याची थांबते. मुलगा हातचा गेलाच होता गं. म्हटलं, तू तरी राहशील." त्यांनी टरफलं गोळा केली. "मग? काही कमी केलं का मी तुला? सांग की."

काही म्हणजे काही कमी केलं नव्हतं.

"ते कुठं आहेत?"

"मला काय ठाऊक? मलाही तो मेल्यासारखाच की."

गाळणी उठली. खोलीत गेली आणि हाताला येतील ते कपडे पिशवीत कोंबले. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. भावाकडे जायचं, नाहीतर आणखी कुठं, ते रस्त्यात ठरवता आलं असतं. या छपराखाली आता एक श्वास घ्यायचा नव्हता. सासूबाई मध्ये आल्या नाहीत, रडल्या नाहीत. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता, मटार चुलीवर चढले होते आणि दोन ताटं मांडली जात होती.

तिनं पायांत चपला सरकवल्या, दार उघडलं आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

"येताना मीठ आण गं," सासूबाई आतून म्हणाल्या. "संपत आलंय."

"हो, आई," तिच्या तोंडून गेलं.